मुकादमभाईंची चौकशी

कतारमध्ये, दोह्याजवळच्या अल वक्र्यातल्या आपल्या कोकणी बायकांमध्ये बर्फ न बघितलेली एकच बाई उरली होती, आणि ती नेमकी बर्फ विकणाऱ्याची बायको होती.

बर्फ विकणारा म्हणजे मासळीबाजारातला लादीवाला नव्हे हं. वली पारकर दोह्याच्या बिन महमूद भागातल्या एका ट्रॅव्हल एजन्सीत बसायचा आणि लोकांना जॉर्जियातल्या तेत्रिम्ता नावाच्या डोंगरावर स्कीइंगला पाठवायचा. दोह्याहून तीन-साडेतीन तासांचं विमान, पुढे वळणावळणाचा घाट, की आलंच तेत्रिम्ता. वली सोडून दोह्यात दुसऱ्या कुणाला ते नावही धड उच्चारता यायचं नाही. पण हिवाळ्याची सुट्टी आली की रत्नागिरीवाले, रायगडवाले, पुण्या-नाशकाचे इंजिनियर, सगळे त्याच्याच टेबलासमोर रांग लावायचे. जायचे, भाड्याच्या जाकिटात पाय फाकवून फोटो काढायचे, लाल नाकं घेऊन परत यायचे, आणि येताना अनीसासाठी चॉकलेटचा डबा आणायचे. "वलीभाईंमुळे झालं हो सगळं!"

अनीसा चॉकलेट खायची. काय करणार? भजीवाल्याच्या बायकोला शेजारणीनं भजी आणून द्यावीत आणि वर तिलाच चव सांगावी, तसा तो प्रकार होता.

वली स्वतः एकदा जाऊन आला होता. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, एजंट लोकांना फुकट फिरवून आणतात तशा ट्रिपवर. आल्या आल्या तिनं विचारलं होतं, "वर काय आहे हो?"

"बर्फ," वली म्हणाला आणि आंघोळीला गेला.

तेवढंच. त्यानंतर दर वर्षी तिनं विषय काढायचा आणि दर वर्षी काहीतरी निघायचं. एकदा सासूबाईंचा मोतीबिंदू, एकदा गावच्या घराची कौलं, मग माहिराचं, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं लग्न, मग कोरोना, मग वर्ल्ड कप, तेव्हा तर तिकिटांना आगच लागली होती. कारणं सगळी खरी होती, हेच तर वाईट. शिवाय आखातातल्या आपल्या माणसाची सुट्टी त्याची नसतेच, गावाची असते. विमान उडालं की ते मुंबईलाच उतरायचं, दुसरीकडे उतरलं तर गावात लोक विचारतात, काय रे, लॉटरी लागली का? आणि एवढं करून तिनं हट्ट धरलाच तर वली म्हणायचा, "अगो, बर्फात काय आहे? फ्रीझर उघड आणि बघ."

यंदा मात्र गोष्ट वेगळी होती. वलीची साठी झाली होती. मार्चमध्ये दोघं कायमचे परत निघणार, गावी, पावसजवळच्या घराला रंग लावून झाला होता, सामानाची खोकी कोपऱ्यात येऊन बसली होती. आणि अनीसाला एक गोष्ट पक्की ठाऊक होती, कारण नवऱ्यानं ती हजारदा फोनवर लोकांना सांगितलेली तिनं ऐकली होती. कतारचं रहिवासी कार्ड असलं की जॉर्जियाला व्हिसा लागत नाही. कार्ड परत केलं की खलास. मग गावी बसून कसला व्हिसा आणि कसलं काय. म्हणजे या फेब्रुवारीत बर्फ बघितला तर बघितला, नाहीतर फ्रीझर उघडायचा.

हे सगळं ती वरच्या मजल्यावरच्या फरहाला सांगत होती. फरहा म्हसळ्याची, वयानं लहान, पण डोकं भलतंच तेज.

"भाभी, तुम्ही बायको म्हणून विचारता, तिथंच चुकतं तुमचं," फरहा म्हणाली. "गिऱ्हाईक म्हणून विचारा. मी गेले होते ना त्यांच्याकडे. काय गोड बोलतात वलीभाई! मला तर वाटलं बर्फाच्या नव्हे, जन्नतच्याच गोष्टी सांगतायत."

"आमचे हे? गोड?"

"मग! एजन्सीच्या नंबरावर मेसेज टाका. आवाजात उत्तर पाठवतात, लांबलचक."

माहिराचा जुना फोन आणि कतारचं जुनं सिमकार्ड ड्रॉवरमध्ये पडून होतं. फरहानं ते चार्जिंगला लावलं, फोटोच्या जागी एक गुलाब चिकटवला आणि एजन्सीचा नंबर घातला. अनीसानं बोटानं एकेक अक्षर दाबत लिहिलं: तेत्रिम्ताबद्दल माहिती पाहिजे. ए. मुकादम, अल वक्रा. मुकादम हे तिचं माहेरचं नाव. खोटं म्हणून काही त्यात नव्हतं, हे नोंदवून ठेवा.

तिला वाटलं होतं, नाव वाचताच वली ओळखेल, हसेल, आणि संध्याकाळी घरी येऊन म्हणेल, काय गो हा उद्योग. पण वलीच्या इतक्या वर्षांच्या अनुभवात सहलीची चौकशी नेहमी घरातला पुरुषच करत आला होता. बायका बॅगा भरतात. त्यामुळे दुपारी फोन वाजला आणि स्वयंपाकघरात वलीचा आवाज घुमला तो असा:

"अस्सलामु अलैकुम मुकादमभाई! आपला कोकणी माणूस, दिल खुश झालं! माझी सासुरवाडी पण मुकादमांचीच बरं का. तुम्ही कुठले?"

अनीसाचा हात पिठात. फरहा तोंडात ओढणी कोंबून हसत होती. आता भाईच म्हणतोय म्हटल्यावर दुरुस्ती तरी कशी करायची? अनीसानं हात पुसले आणि लिहिलं: श्रीवर्धनकडचा. तेव्हापासून ती मुकादमभाई झाली ती झालीच.

तिनं पहिला प्रश्न साधाच विचारला. ही जागा मुळात कशी सुरू झाली? आणि मग जे काही आलं ते ऐकून तिनं गॅस बंद केला.

"सांगतो, मुकादमभाई, नीट ऐका. रशियाच्या जमान्यात तिथं काही नव्हतं. वर डोंगरावर एक वेधशाळा आणि तिच्यात हवामानाच्या नोंदी घेणारी चार माणसं. खाली गाव. वरचा पाव संपला की ही माणसं पायांना लाकडी फळ्या बांधून घसरत घसरत गावात यायची, आणि पाव घेऊन खेचरावरून वर जायची. त्यांचं बघून गावातली पोरं फळ्या बांधायला लागली. मग सरकारला वाटलं, खाणीतल्या कामगारांना जरा हवापालट पाहिजे. बांधलं मोठं विश्रामगृह, लावला पाळणा, म्हणजे रोपवे. तो चालला काही वर्षं. मग रशिया फुटला, वीज गेली, पाळणा गंजला. आणि गावकऱ्यांनी त्या तारेवरून काय केलं ठाऊक आहे? गवताचे भारे उतरवले! कित्येक वर्षं डोंगरावरचं गवत त्या तारेवरून खाली येत होतं. शेवटी त्याच गावातला एक माणूस, परदेशात राबून पैसा केलेला, तो परत आला आणि त्यानं नवीन पाळणा बसवला. आपल्यासारखाच म्हणा ना. कमावलं बाहेर, लावलं गावात."

अनीसा ऐकतच राहिली. हा तोच माणूस, जो जेवताना "मीठ कमी" आणि झोपताना "एसी कमी" यापलीकडे बोलत नाही? फळ्या काय, खेचर काय, गवत काय! एवढं सगळं पोटात घेऊन हा इतकी वर्षं तिच्या शेजारी घोरत होता. तिला खरोखर राग आला. पण पुढचं ऐकायचंही होतंच.

दुसऱ्या दिवशी मुकादमभाईंनी सोयींची चौकशी केली. वलीला तर तेवढंच निमित्त पुरलं.

"पहिलं सांगतो, बाथरूममध्ये पाण्याचा स्प्रे आहे. हसू नका, आपलं गिऱ्हाईक डोंगराच्या आधी तेच विचारतं. खोल्यांची जमीन आतून गरम, अनवाणी चाला. नमाजाची खोली रिसेप्शनच्या मागे, भिंतीवर मक्केकडे किब्ल्याचा बाण काढलाय. मटण हलाल, वेगळं स्वयंपाकघर, मी स्वतः आत जाऊन बघितलंय. बूट तिथंच भाड्यानं मिळतात, जरा घट्टच घ्या. शिकवायला मास्तर आहेत, लहान मुलांना सांभाळायला बाई आहे, पाय मुरगळला तर डॉक्टर आहे. चीज घातलेली होडीच्या आकाराची रोटी मिळते, गरम असतानाच खा. आणि हो, लॉबीत शेकोटी आहे. तिच्या डाव्या हाताची खुर्ची धरा. उजवीकडे धूर येतो. डावीकडच्या खुर्चीतून खिडकी पण दिसते आणि चहावाला पण दिसतो."

"माशाल्ला," फरहा म्हणाली, "वलीभाईंनी हॉटेल अगदी तोंडपाठ केलंय."

अनीसा हसली, पण तिच्या डोक्यात काहीतरी खटकलं होतं. खुर्ची? बर्फाचा डोंगर बघायला गेलेल्या माणसाला खुर्च्यांची एवढी माहिती कशी? तिनं तिसऱ्या दिवशी विचारलं: डोंगर कसा आहे?

उत्तर यायला वेळ लागला. आलं ते एवढंच. "डोंगर चांगला आहे. उंच आहे. शिकाऊंना हिरवी वाट, मग निळी, मग लाल. काळ्या वाटेला जाऊ नका. वर बर्फ आहे. ब्रोशर पाठवतो."

आता अनीसाचं एक होतं. वली खोटं बोलतो कधी हे तिला शब्दांवरून कळायचं नाही, वाक्यांच्या लांबीवरून कळायचं. खरं असलं की त्याचं वाक्य स्टेशनं घेत घेत जायचं. काही लपवायचं असलं की तुकडे पडायचे. कपाटाची काच फोडली तेव्हा असंच बोलला होता. "काच फुटली. वारा होता. मी नव्हतो."

"तिकडे वर कोणी गोरीबिरी नव्हती ना भेटली?" फरहानं डोळे मिचकावले.

"चल गं! डोक्यावरचा चष्मा सापडत नाही त्यांना, गोरी कुठून सापडणार?"

पण मुकादमभाई आता हटून बसले. पाळण्यानं वर गेल्यावर काय दिसतं? "दिसतं. सगळं दिसतं." कुठले डोंगर दिसतात? "मोठे." वर चहा मिळतो का?

"मिळत असेल," वली म्हणाला.

असेल! अनीसा खुर्चीत बसली. शेकोटीचा धूर कुठल्या बाजूला जातो हे ज्याला ठाऊक, त्याला वर चहा मिळतो की नाही हे ठाऊक नाही? चहा? वलीला? ज्यानं मुशैरिबला मेट्रो बदलताना कुठल्या जिन्याशेजारी करक चहा मिळतो हे पहिल्याच दिवशी शोधून काढलं होतं? हा माणूस वर गेलाच नव्हता. तिला ते लख्ख कळलं आणि आधी हसू आलं, मग आलं नाही. कारण वर गेला नाही तर नाही, पण इतकी वर्षं आपल्याला का सांगितलं नाही? आणि आपल्याला बर्फ न दाखवण्याचं कारण मोतीबिंदू नव्हतं, कौलं नव्हती, तर मग होतं तरी काय?

बायको म्हणून विचारलं असतं तर "काहीतरीच काय" एवढंच ऐकायला मिळालं असतं. म्हणून तिनं दुसऱ्या दिवशी फरहालाही न बोलावता, एकटीनंच, मुकादमभाईंच्या तोंडून लिहिलं: खरं सांगू का वलीभाई, मला त्या पाळण्याची भीती वाटते. बायकोला अजून सांगितलेलं नाही. काय करू?

निळ्या खुणा झाल्या. उत्तर नाही. संध्याकाळी वली घरी आला, गप्प जेवला, मीठ कमी होतं तरी काही बोलला नाही. अनीसाला वाटलं, ओळखलं यानं. पण तसं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी, जुहरची नमाज झाल्यावर, फोन वाजला. आवाज दबका होता. ऑफिसच्या जिन्यात उभं राहून बोलत असावा.

"मुकादमभाई, रात्रभर तुमचा विचार केला. तुम्ही मन मोकळं केलंत, तर मी पण करतो. आपल्या दोघांतच ठेवा. मी पण नाही बसलो त्या पाळण्यात. आम्ही एजंट लोक गेलो होतो, सगळे वर निघाले. तो डबा थांबत नाही, मुकादमभाई. हळूहळू फिरत येतो आणि चालत्या डब्यात पाय टाकावा लागतो. खाली जाळी, जाळीखाली दरी. सगळे पटापट चढले. मी एक पाय उचलला आणि परत ठेवला. म्हटलं, पुढच्यात येतो. पुढचा आला. त्याच्या पुढचा आला. तिथं एक बाकडं होतं, त्याच्यावर बसलो. शेजारी एक म्हातारी अक्रोडाच्या माळा विकत होती, तिनं मला एक दिली, पैसे घेतले नाहीत. कळलं असणार तिला. दोन दिवस मी हॉटेलच्या लॉबीत काढले. मॅनेजर एकटाच असायचा, त्यानं सगळा इतिहास सांगितला. आणि बाकीचे खाली आले तेव्हा गाल लाल झालेले, नुसते हसत होते. म्हणाले, वली, क्या नज़ारा था ना? मी म्हटलं, हां. बस, त्या 'हां'वर आजपर्यंत धंदा करतोय."

मध्ये कुणीतरी जिन्यातून गेलं. वली थांबला, मग पुन्हा बोलू लागला.

"तुम्ही म्हणता बायकोला काय सांगू. मी काय सांगणार? माझी अनीसा किती वर्षं मागे लागलीय, बर्फ दाखवा, बर्फ दाखवा. तिला वर जायचंच असणार. ती माझ्यासारखी नाही हो. विमानात खिडकी मागून घेते. ती पटकन पाय टाकून आत बसेल, मागे वळून बघेल, आणि मी बाहेर असेन. तो तिचा चेहरा मला बघायचा नाही. साहेब लोकांनी मला काय काय म्हटलंय इथं, मी ऐकून घेतलं, त्याचं काही नाही. पण तिला वाटतं, आपला नवरा जग बघितलेला माणूस आहे. तसं वाटणारी ती एकटीच आहे जगात. ते घालवायचं नाही मला. म्हणून दर वर्षी काहीतरी कारण काढतो. आता मार्चला आम्ही निघालोच. म्हणजे सुटलोच म्हणा. पण सुटल्यासारखं वाटत नाही, मुकादमभाई. तुम्ही सांगून टाका बायकोला. माझ्यासारखं नका करू."

अनीसानं फोन ओट्यावर ठेवला.

जग बघितलेला माणूस! तिला असं कधी वाटलं होतं? फ्रिजमधलं समोरचं लोणचं न दिसणारा, माहिराच्या लग्नात चुकून दुसऱ्याच हॉलमध्ये जाऊन जेवायला बसलेला हा माणूस? तिला एवढं हसू आलं की डोळ्यांतून पाणी आलं. मग तिनं पुन्हा ऐकलं. या वेळी हसू आलं नाही, पाणी मात्र आलं. बिचारा. लोकांना एवढा डोंगर दाखवला आणि स्वतः खुर्चीत बसून राहिला. आणि तिला वाटत होतं, याला आपल्यासोबत कुठं जायचंच नाही. किती रात्री तिनं पाठ फिरवून हेच मनात घोळवलं होतं. ती तसं कधी बोलली नव्हती, पण वाटत होतं तिला, अगदी मनापासून वाटत होतं.

मग तिनं कपाट उघडलं, दोन पासपोर्ट काढले, खिडकीपाशी उजेडात धरून त्यांचे फोटो काढले, आणि मुकादमभाईंच्या नावानं पाठवून दिले. खाली लिहिलं: बायकोला सांगून टाकलं. दोन तिकिटं करा.

पाठवलं आणि लगेच तिनं कपाळावर हात मारला. या अल्ला, हे काय केलं आपण? ज्या एका गोष्टीला तो इतकी वर्षं घाबरत होता, तीच तर आपण केली. तिला कळू नये म्हणूनच तर त्याची ही सगळी धडपड होती, आणि आता त्याच्याच पासपोर्टातून त्याचाच चेहरा त्याच्याकडे बघत असेल. मेसेज पुसायला तिनं फोन उचलला, पण निळ्या खुणा केव्हाच झाल्या होत्या.

उत्तर आलं नाही. दुपार कलली, असरची अजान झाली. ती तांदूळ निवडत बसली, मग निवडलेलेच परत निवडले. फरहा दोनदा डोकावून गेली, तिला काही सांगितलं नाही. रोज वली सूर्य बुडायच्या आत घरी असायचा. आज मगरिब झाली तरी पत्ता नाही. फोन करावा तर कुठल्या फोनवरून, अनीसाच्या की मुकादमभाईंच्या? आता हा चिडला असेल, तर मार्चपर्यंत बोलायचा नाही. कदाचित गावी गेल्यावरही बोलायचा नाही. बर्फ गेला खड्ड्यात, तिला तो माणूस नेहमीसारखा घरात पाहिजे होता, मीठ कमी म्हणणारा.

तिनं तवा ठेवला, कारण हातांना काहीतरी काम पाहिजे होतं. पहिली भाकरी तव्यावर पडली आणि कुलूप वाजलं.

वली आत आला. चपला काढायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. मग स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला, ऑफिसची बॅग पोटाशी धरून.

"मुकादमभाई आहेत का घरात?" त्यानं विचारलं.

"आहेत," अनीसा म्हणाली. तिनं मागे वळून बघितलं नाही. "भाकऱ्या भाजतायत."

वली स्टूल ओढून बसला. भाकरी फुगली, तिनं ती उलटली.

"हसलीस?"

"हसले."

"हां."

"पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसले. दुसऱ्यांदा नाही."

"दोनदा ऐकलंस?" वली एकदम म्हणाला आणि मान खाली घातली. त्याचे कान लाल झाले होते. इतकी वर्षं त्याला ज्या चेहऱ्याची धास्ती होती, तो चेहरा आता हातभर अंतरावर होता, आणि त्याच्याकडे वर बघायची हिंमत त्याला होत नव्हती. अनीसाच्या ते लक्षात आलं. ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली, पिठाच्या हातांनीच.

"बघा इकडे," ती म्हणाली. "बघा तरी. काय बदललंय का?"

त्यानं बघितलं. नीट बघितलं, बराच वेळ.

"मला कधीच वाटलं नव्हतं तुम्ही जग बघितलंय म्हणून," ती म्हणाली. "तुम्हाला लोणचं दिसत नाही. पण मला वाटायचं, तुम्हाला माझ्यासोबत यायचं नाही. त्यापेक्षा हे बरं. शंभर पटीनं बरं."

"काहीतरीच काय," वली म्हणाला. त्यानं खाकरून घेतलं. बॅग उघडली आणि छापलेले कागद ओट्यावर ठेवले. "केलंय बुकिंग. पुढच्या आठवड्याचं. सगळे गेले ऑफिसातून, मग बसून केलं, म्हणून उशीर झाला. शेवटचंच माझ्या हातचं. मार्चला निघायचंच, दुसरं कुणी आता माझ्याकडे येणार नाही."

अनीसानं कागदांना हात लावला नाही, हात पिठाचे होते. नुसतंच बघितलं. दोघांची नावं होती.

"आणि पाळणा?"

"तू जा. मी खाली बाकड्यावर बसतो. बर्फ खाली पण असतो, भरपूर असतो. पण तू वर जा." वलीनं चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "फक्त खाली आलीस की मला सांग वर काय आहे ते. एवढ्या लोकांना पाठवलं मी, अनीसा. सगळे येऊन म्हणायचे, वलीभाई, तुम्हाला तर माहीतच आहे. कुणाला विचारता आलं नाही. विचारलं असतं तर कळलं असतं ना त्यांना."

तव्यावरची भाकरी करपत होती. अनीसानं गॅस बंद केला, दुसरं स्टूल ओढलं आणि त्याच्या शेजारी बसली.

"सगळं सांगेन," ती म्हणाली. "पण बर्फ म्हणून एका शब्दात नाही सांगणार हं. बसून ऐकावं लागेल."

"ऐकतो," वली म्हणाला.